सुधाकर: 'एकच प्याला'च्या शोकनायकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हौशी नाटकं बसवता बसवता माझी बरीच वर्षं गेली. त्यात 'एकच प्याला'चं अभिवाचन चार वेळा केलं. दरवेळी वाचन संपलं की लोक सतरंज्या गुंडाळायला मदत करतात आणि गुंडाळता गुंडाळता तेच प्रश्न विचारतात. कॉलेजची मुलं विचारतात, निवृत्त मास्तर विचारतात. एकदा चहा घेऊन आलेल्या मामांनी किटली खाली ठेवून विचारलं होतं, "त्याला कोण धरणारं नव्हतं काय ओ?" तोंडी उत्तरं देताना काहीतरी राहून जातं, म्हणून ती इथे सावकाश लिहून ठेवतो आहे. नाटकाचा शेवटही यात येईल. शंभर वर्षं जुन्या नाटकाचा शेवट लपवून सुधाकरबद्दल बोलता येत नाही.

हे नाटक कुणाचं आणि कधीचं?

राम गणेश गडकऱ्यांचं. कवितेत ते गोविंदाग्रज, विनोदी लेखनात बाळकराम. नाटक १९१७ च्या सुमाराचं आहे. गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला केला. त्याआधी महिनाभरही झाला नव्हता, २३ जानेवारीला गडकरी सावनेरला वारले होते. वय अवघं तेहेतीस. म्हणजे ज्या नाटकाने पुढे अख्खा महाराष्ट्र रडवला, ते रंगभूमीवर उभं राहिलेलं त्यांनी पाहिलंच नाही. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू. भरजरी शालूंसाठी ज्यांना बघायला लोक यायचे, ते बालगंधर्व फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि लोक तरीही आले.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

सुधाकर हुशार वकील. गरिबीतून, पाठीशी कुणी नसताना वर आलेला. बायको सिंधू श्रीमंत घरची, भाऊ पद्माकर तिच्यावर जीव टाकणारा. मित्र रामलाल डॉक्टर, तो विलायतेला जातो. कोर्टात मुन्सफाशी सुधाकरची खडाजंगी होते आणि त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. त्या अपमानाने तो जळत असताना त्याचा कारकून तळीराम पहिला पेला पुढे करतो. एकच. तिथून घर खचत जातं. सिंधू दळण दळून पोट भरते. मध्ये एकदा सुधाकर दारू सोडतो, आणि पुन्हा धरतो. शेवटी नशेत त्याच्याच हातून पोटचं मूल जातं, सिंधूवरही घाव बसतो. मरतानाही ती फौजदारापुढे खोटं बोलून नवऱ्याला वाचवते. सुधाकर दारूत विष घालून शेवटचा पेला पितो.

याला शोकनायक म्हणायचं? हा तर नुसता दारुडा आहे.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो रास्तही आहे. शोकनायक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजा येतो. ग्रीकांचा ईडिपस, शेक्सपिअरचा लिअर. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये जे सांगितलं त्याचा गाभा असा, की शोकनायक फार सज्जनही नसावा आणि दुष्टही नसावा. तो आपल्यासारखाच, थोडा उजवा असावा. तो उंचावरून पडावा, आणि पडावा तो दुर्गुणामुळे नव्हे, एका घोडचुकीमुळे. मग प्रेक्षकाला त्याची कीव येते आणि स्वतःची भीती वाटते.

सुधाकर राजा नाही. पण उंची आहे. ती त्याने स्वतः कमावली आहे. पूर्वजांच्या गादीवरून पडणाऱ्यापेक्षा स्वतः बांधलेल्या जिन्यावरून पडणारा मला जास्त लागतो, कारण प्रत्येक पायरी त्याने मोजलेली असते. दुसरी गोष्ट, त्याला सगळं कळतं. आपलं काय चाललं आहे हे त्याच्याइतकं स्पष्ट नाटकात कुणीच सांगत नाही. डोळे उघडे ठेवून बुडणारा हा माणूस आहे. नुसत्या दारुड्याची दया येते, सुधाकरची धास्ती वाटते.

मग त्याची घोडचूक कोणती? पहिला पेला?

नाही. माझं ठाम मत आहे की पहिला पेला ही चूक नव्हे, चुकीचा परिणाम आहे. हे नाटक दारूबद्दल आहे असं समजून जो सुधाकर करायला घेतो, त्याचा सुधाकर दुसऱ्या अंकातच संपतो. पुढे करायला त्याच्याकडे नुसत्या झोकांड्या उरतात.

सुधाकरची चूक त्याच्या मानी स्वभावात आहे. हा मान वाईट नाही, उलट त्याच्या जोरावरच तो वर आला. ज्याच्या मागे बाप नाही, पैसा नाही, त्याच्याजवळ ताठ मान एवढीच इस्टेट असते. ती मान वाकवायची सवय त्याने कधी लावूनच घेतली नाही. वकिली चालली, बायको चांगली मिळाली, मित्र जिवाला जीव देणारा. तोवर ताठपणा शोभून दिसला. मग कोर्टात एक दिवस शब्दाला शब्द वाढला आणि पहिल्यांदा चारचौघांत तोंडघशी पडायची वेळ आली. दुसऱ्या कुणी घरी येऊन बायकोला शिव्या घातल्या असत्या, कुणी मित्राच्या गळ्यात पडून रडला असता, कुणी पद्माकराकडून पैसे घेऊन सहा महिने गावी जाऊन बसला असता. सुधाकरला यातलं काहीच जमत नाही. पडलेला असताना कुणी आपल्याला बघावं, हेच त्याला सोसत नाही. रामलाल समोर नाही. सिंधूसमोर रडणं म्हणजे तिच्या श्रीमंत माहेरासमोर रडणं. अशा वेळी त्याच्याकडे न बघता फक्त पेला पुढे करणारा एकच माणूस असतो, तळीराम. दारू त्याला लपायला जागा देते. ती चवीसाठी किंवा चैनीसाठी त्याने घेतलेलीच नाही.

म्हणून तालमीत मी सुधाकर करणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी पेला हातात देतच नाही. आधी कोर्टाच्या प्रसंगाचा अपमान अंगात मुरू दे, म्हणतो. एकदा एका मुलाने आठ दिवस तेवढंच केलं. नवव्या दिवशी स्टीलचा पेला समोर ठेवला तर त्याने तो उचललाच नाही, बराच वेळ त्यात नुसता बघत बसला. आत काळा चहा होता. खोलीत बसलेल्यांपैकी कुणी हललं नाही. तो प्रवेश त्या दिवशी बसला.

सनद काही महिन्यांसाठीच गेली होती ना? एवढ्यावरून एवढं?

हो, एवढ्यावरूनच. गडकऱ्यांनी मुद्दाम अपमान छोटा ठेवला आहे. मोठं संकट कोसळलं असतं तर आपण सगळा दोष नशिबाला दिला असता.

तळीराम खलनायक आहे का?

मला तसं कधीच वाटलं नाही. तो स्वतः दारुडा आहे, आर्य मदिरा मंडळ काढून बसला आहे, आणि तोही दारूपायीच मरतो. त्याला सुधाकरचा घात करायचा नसतो, त्याला सोबत हवी असते. दारुड्याला दुसरा दारुडा का लागतो हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला तळीरामचा राग येत नाही.

त्याचे विनोदी प्रवेश प्रेक्षक डोक्यावर घेतात, आणि तिथेच हौशी मंडळी चुकतात. मंडळाचे प्रवेश इतके रंगवतात की नाटक दोन तुकड्यांत फाटतं, एक हसायचा आणि एक रडायचा. खरं तर तळीराम हा सुधाकरचाच पुढचा मुक्काम आहे. मंडळात हसू येतं ते अशा विचाराने की हे लोक वेगळे, आपला सुधाकर वेगळा. पुढच्या अंकात तो फरक पुसला जातो आणि आपण हसलो होतो याची लाज वाटते. ती लाज वाटायला हवी असेल तर विनोद आवरून करा.

सुधाकर दारूच्या तीन अवस्था सांगतो, ते भाषण एवढं प्रसिद्ध का?

कारण मराठी नाटकात व्यसनाचं असं आतून केलेलं वर्णन त्याआधी नव्हतं. मद्यपानावर नाटकं होती. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचं 'मूकनायक' होतं, खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त शुक्राचार्य होते. पण पिणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, मित्रापुढे, डॉक्टरला रोगी सांगतो तसं सांगणं हे नवं होतं.

मुद्दा असा: व्यसनाच्या पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन अवस्था, आणि प्रत्येकीच्या वेशीवर उभा असतो तो एकच प्याला. सुरुवात एका पेल्याने होते. मध्ये 'आता एकच' म्हणून होते. आणि शेवटी सोडायचं ठरवलेला माणूसही एका पेल्यानेच परत फिरतो. नाटकाचं नाव या भाषणात तीन वेगवेगळ्या अर्थांनी वाजतं. करणाऱ्याने आवाज चढवायची गरज नाही. वकील माणूस आहे तो, स्वतःविरुद्धचा खटला स्वतःच चालवतो आहे. कोर्टात बोलतात तसं बोला, मुद्देसूद. अंगावर काटा आपोआप येतो.

दारू सोडल्यावर तो परत का धरतो? तिथे लेखकाने ओढूनताणून केलंय असं वाटतं.

उलट आहे. मला संपूर्ण नाटकात सगळ्यांत खरी वाटणारी जागा हीच.

सुधाकर शपथ घेतो, सोडतो, आणि काम शोधायला बाहेर पडतो. जुन्या ओळखींच्या दारी जातो. प्रत्येक दारात त्याला तो पूर्वीचा वकील म्हणून कुणी ओळखत नाही, दारुडा म्हणून ओळखतात. विश्वास कुणी ठेवत नाही, टोमणे मात्र सगळे मारतात. आणि ज्या ताठ मानेमुळे तो पहिल्यांदा पेल्याकडे गेला, तीच पुन्हा दुखावते. पहिल्या खेपेला अपमान एका मुन्सफाने केला होता, आता सारं गाव करतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा एक चुलतभाऊ उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. हाताने इतका चांगला की अवघड पॅटर्न आला की त्यालाच बोलवायचे. दारूने काम गेलं. मग त्याने सोडली, खरोखर सोडली, चार महिने थेंब नाही. सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन यायचा, संध्याकाळी पोरीचा अभ्यास घ्यायचा. वहिनी म्हणाल्या, आता कुठेतरी कामाचं बघा. तो जुन्याच ठिकाणी गेला. तिथे सुपरवायझरने त्याला उभं केलं आणि सगळ्या पोरांसमोर जवळ येऊन त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हताच. सुपरवायझर म्हणाला, "आज न्हाई म्हणजे उद्या असंल," आणि पोरं हसली. भाऊ काही बोलला नाही. घरी आला, चप्पल काढली, पोरीची वही उघडून तिला दोन गणितं सोडवून दिली. मग पुन्हा चप्पल घातली आणि बाहेर गेला. रात्री त्याला दोघांनी धरून आणला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा मी ते प्रवेश वाचतो तेव्हा मला ती गणितं आठवतात. सुधाकरला परत पेल्याकडे ढकलणारा कुणी एक दुष्ट माणूस नाटकात नाही. प्रत्येक जण फक्त थोडंसं हसतो.

सिंधूचं काय? आजच्या बाईला ती पटते का?

आमच्या वाचनाला येणाऱ्या बायका याबाबत दोन्ही बाजूंनी भांडतात आणि मला ते भांडण फार मोलाचं वाटतं. एका काकूंनी मला सरळ सांगितलं, "ही सिंधू वाचली की मला तिचाच राग येतो. भाऊ न्यायला आलाय, घर आहे, आणि ही म्हणते 'कशि या त्यजू पदाला'!" दुसऱ्या म्हणाल्या, "माझी आई अशीच होती. रागावून काय करू?"

मी दोन्ही ऐकतो. माझं मत असं, की सिंधूला आदर्श पत्नी म्हणून उभं केलं की नाटक आजच्या प्रेक्षकाच्या हातून निसटतं. तिची सहनशीलता सुधाकरला वाचवत नाही, हे नाटकातच दिसतं. उलट तिच्या गप्प सोसण्यामुळे त्याला स्वतःचा चेहरा बघणं आणखी अशक्य होतं. तिच्या शेजारी गडकऱ्यांनी तळीरामची बायको गीता उभी केली आहे, फाडफाड बोलणारी, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. दोघींना एकाच रंगमंचावर आणणाऱ्या लेखकाला काही प्रश्न नक्कीच पडले असणार.

आणि 'चंद्र चवथिचा' जिथे येतं ती जागा कुणी गायनाची बैठक करू नये. पोराला निजवणारी, हातावर पोट असलेली बाई आहे ती. टाळ्या मिळवायला आख्खं नाटक पडलंय.

रामलाल, शरद, भगीरथ हे उपकथानक कापलं तर चालेल का?

वेळेसाठी कापा, पण सगळं नको. शरद सुधाकरची बालविधवा बहीण. रामलालचं मन तिच्याकडे ओढलं जातं आणि तो स्वतःला आवरतो. भगीरथ प्रेमभंगाने दारूकडे वळलेला आणि त्यातून बाहेर आलेला. म्हणजे या नाटकात दारूतून सुटलेला माणूसही आहे. तो कापलात तर सुटकाच नाही असं नाटक सांगतंय असं होईल, आणि गडकरी तसं सांगत नाहीत.

मराठीत यापूर्वी शोकान्त नाटकं नव्हती का?

होती. संस्कृत परंपरेत शोकान्त फार विरळ. भासाचं 'ऊरुभंग' हे ठळक उदाहरण, त्यात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन रंगमंचावर मरतो. मराठीत विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ सालचं. नंतर शेक्सपिअर आला, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केलं. पण हे नायक पेशवे, सरदार, सेनापती होते. संध्याकाळी कोर्टातून घरी येणारा, बायकोशी नीट बोलणारा, भाड्याच्या घराची काळजी असणारा पांढरपेशा माणूस शोकनायक होऊ शकतो, हे मराठी प्रेक्षकाला इतक्या ताकदीने सुधाकरने दाखवलं. झुंझारराव संशयाने जातो, त्याला कुणीतरी फसवतं. सुधाकरला कुणी फसवत नाही.

'नटसम्राट'च्या बेलवलकरांशी तुलना करता येईल?

येईल, लोक करतातच. कुसुमाग्रजांचं नाटक १९७० चं, मध्ये पन्नास वर्षं गेली. दोघेही मानी, दोघांचाही मान दुखावला जातो. पण अप्पासाहेब बेलवलकरांवर अन्याय करणारी माणसं समोर आहेत, मुलगा, सून, मुलगी. आपण प्रेक्षक म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहतो. सुधाकरच्या बाजूने उभं राहायला जागाच नाही, कारण समोर सिंधू आणि ते मूल आहे. म्हणून बेलवलकर करणं अवघड आणि सुधाकर करणं त्याहून अवघड, असं मी मानतो. बेलवलकरांना प्रेक्षक क्षमा करून बसलेला असतो.

कोल्हापूरचा या सगळ्याशी काय संबंध?

नाटकाची गोष्ट इथली नाही. पण हे नाटक समजायला कोल्हापूर चांगली जागा आहे, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण खासबागेत आहे.

शाहू महाराजांनी इथे खासबागेत कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह शेजारी शेजारी बांधलं. पॅलेस थिएटर म्हणून १९१५ साली उभं राहिलेलं ते नाट्यगृह पुढे आपल्या गावच्या संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. हे तेच केशवराव, ज्यांनी १९२१ साली बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलं आणि त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आम्ही काही जण रस्त्यावर उभे होतो. कुणी बोलत नव्हतं. वाफेसारखा धूर आणि पाण्याचे बंब. ज्याच्या विंगेत उभं राहून पहिल्यांदा पाय लटपटले त्या जागेचं छप्पर खाली आलेलं बघणं काय असतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तर खासबाग. आपल्याकडे 'तालीम' हा शब्द पैलवानाचाही आणि नटाचाही. पैलवान मैदानात हजारो लोकांसमोर चितपट होतो. पाठीला लागलेली माती सगळ्या गावाला दिसते. तरी तो दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत येतो, कारण तिथे वस्ताद असतो, जोडीदार असतात, जोर-बैठका असतात. हरलेल्याला परत यायला जागा असते. सुधाकरकडे अशी तालीम नव्हती. त्याची सगळी कुस्ती एकट्याने चालली होती. किटली घेऊन आलेल्या मामांनी विचारलेला प्रश्न हाच होता. कोण धरणारं नव्हतं काय? धरणारे होते, पण धरू द्यायला तो तयार नव्हता.

आपल्या गावाची ईर्षा प्रसिद्ध आहे. पेठेपेठेच्या फुटबॉलमध्ये ती दिसते, बोलण्यात दिसते. ती मला आवडते. पण आमच्या वाचनाला येणाऱ्या तरण्या पोरांना सुधाकर लगेच कळतो तो याच ईर्षेमुळे. "सर, मी पण असाच केला असता राव," असं एक जण म्हणाला होता, आणि तो दारूला शिवतही नाही.

भाषा फार जड आहे. बदलली तर?

बदलू नका, कापा. गडकऱ्यांचं वाक्य लांब असतं, उपमेवर उपमा, शब्दावर शब्दाची कोटी. मूळ नाटक पाच अंकी आणि संगीत, रात्र रात्र चालणाऱ्या प्रयोगांच्या काळातलं. आज तेवढा वेळ कुणाकडे नाही. पण वाक्य आजच्या बोलीत आणलं की सुधाकर लहान होतो. एका भाषणातल्या पाच उपमांपैकी दोन ठेवा, आणि त्या दोन पूर्ण म्हणा. श्वास कुठे घ्यायचा ते आधी पेन्सिलने खूण करून ठेवा. आमच्या संहितेत सुधाकरच्या पानांवर इतक्या खुणा आहेत की ती पेटीची नोटेशनं वाटतात.

प्यायलेला माणूस रंगमंचावर कसा करायचा?

प्यायलेला माणूस झोकांड्या देत नाही, तो सरळ चालायचा प्रयत्न करतो. कधी नीट बघा. पायरी उतरताना तो नको तेवढी काळजी घेतो. बोलताना शब्द ओघळू नयेत म्हणून एकेक शब्द मोजून टाकतो. दाराची कडी दुसऱ्या झटक्यात लागते आणि ती पहिल्या झटक्यातच लागली असा चेहरा करतो. सुधाकर तर मानी. आपण प्यायलो आहोत हे सिंधूला कळू नये यासाठी त्याची जी धडपड, ती करा. लडबडणं एकदाच, अगदी शेवटाकडे.

परीक्षेत सुधाकरचं स्वभावचित्र आलं तर काय लिहावं?

'दारूचे दुष्परिणाम' यावर निबंध लिहू नका. स्वाभिमान, बुद्धी, एकटेपणा हे तीन धागे घ्या आणि प्रत्येकाला नाटकातला एक प्रसंग जोडा: कोर्टातला अपमान, तीन अवस्थांचं भाषण, काम मागायला फिरणं. 'शोकांतिका' आणि 'शोकात्मिका' हा शब्दांचा वाद शिक्षकांनी शिकवला असेल तरच आणा. आणि नाटक प्रत्यक्ष वाचा. गाईडमध्ये सुधाकर पाच ओळींत मरतो.

मूल मरतं तो प्रवेश दाखवावा का? फार क्रूर वाटतं.

क्रूर आहे. आम्ही दोनदा वाचला आणि दोन्हीदा लोक बाहेर गेले. एक बाई रडत गेल्या, मी त्यांच्या मागे जाऊन पाणी दिलं. तरी मी तो कापत नाही. तो कापला तर सुधाकरने स्वतःला दिलेली शिक्षा नाटकी वाटते. फक्त एक करा: घाव दाखवू नका, घाव घातल्यानंतरचा हात दाखवा. बसक्या आवाजात एखादं वाक्य, बस्स.

शेवटचा पेला कसा घ्यायचा?

पहिल्या पेल्याच्या उलट. पहिल्या वेळी हात थरथरला होता, नजर पेल्यात अडकली होती, तळीराम काहीतरी बोलत होता. शेवटी हात अजिबात थरथरू देऊ नका. आता त्याला कुणापासून लपायचं नाही. रामलाल समोर आहे, सिंधू गेली आहे, आणि सुधाकर पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पितो. घाई नाही, कडवट तोंड नाही, छातीवर हात नाही. पेला रिकामा झाला की तो फेकायचा मोह सगळ्यांना होतो, कारण स्टीलचा आवाज थिएटरभर घुमतो. फेकू नका. पहिल्या अंकात जिथून उचलला होता, त्याच जागी हळूच ठेवा.